मुलांची चाल, मोठ्यांचं घड्याळ

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची फेरी असते. कुशावर्तात स्नान करून माणसं निघतात आणि पहिने, धाडोशी, सापगाव अशी गावं मागे टाकत, डोंगराला वळसा घालून पुन्हा त्र्यंबकला पोहोचतात. लहान फेरी साधारण 20 किलोमीटरची, मोठी त्याच्या दुप्पट. वर पाऊस, खाली चिखल, कित्येकांचे पाय अनवाणी. आणि या गर्दीत आईबापांबरोबर शाळकरी मुलंही असतात. तरीही नाशिकच्या घराघरांत दिवसभराच्या ट्रेकचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, ‘पोरांना झेपेल का एवढं?’ माझं म्हणणं असं, की सात-आठ वर्षांपुढच्या निरोगी मुलांना सहसा झेपतं. बेत फसतो तो त्यांच्या पायांमुळे नव्हे, तर मोठ्यांनी आपल्या सोयीने लावलेल्या घड्याळामुळे.

याला शरीरशास्त्राचाही आधार आहे. फ्रान्समधल्या संशोधकांनी 2018 मध्ये 8 ते 12 वर्षांचे मुलगे, व्यायामाची सवय नसलेले प्रौढ आणि दमसासाचे कसलेले खेळाडू यांना सायकलवर जोरदार व्यायाम करायला लावून तुलना केली. मुलांचे स्नायू त्या खेळाडूंइतकेच सावकाश थकले आणि व्यायामानंतर ती तितक्याच किंवा त्याहून जास्त वेगाने सावरली. ही चाचणी थोड्या वेळाच्या श्रमांची होती, डोंगर चढण्याची नव्हे. म्हणून तिचा अर्थ बेतानेच लावायला हवा. पण बसकण मारलेलं पोर दहा मिनिटांत पुन्हा उड्या मारू लागतं, याचा उलगडा तिच्यातून होतो. मूल धावतं, थांबतं, दगड उलटून पाहतं, पुन्हा धावतं. मोठ्यांना एका लयीत चालत राहायचं असतं. त्या लयीत मुलाला ओढत नेलं, की ‘अजून किती राहिलं?’ सुरू होतं. लहान पावलांमुळे तेवढ्याच अंतराला त्याला जास्त पावलं टाकावी लागतात, हेही आपण विसरतो.

म्हणून बेत किलोमीटरवर नव्हे, तासांवर आखावा. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथने 1892 मध्ये एक ठोकताळा दिला. आजच्या मापांत तो असा: 5 किलोमीटर चालीला एक तास आणि दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. हे गणित धडधाकट प्रौढाचं, तेही न थांबता. अंजनेरी गावातून वरच्या अंजनीमातेच्या मंदिरापर्यंत जेमतेम 600 मीटर चढ आणि चार-पाच किलोमीटर वाट धरली, तर हिशेब दोन तासांचा होतो. मुलं बरोबर असतील तर मी त्याचे चार तास धरेन आणि उतरायला आणखी तीन. डिसेंबरात नाशिकला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. सकाळी सातला पायथा सोडला तर दुपारी बाराला, जिथे असू तिथून, माघारी वळायचं. उरलेले तास थांब्यांचे. कड्यावरची लांब चोचीची गिधाडं, पठारावरचं तळं, पायथ्याची यादवकालीन देवळं ही मुलाच्या दृष्टीने वाटेतली खोटी नव्हे, तीच सहल.

यावर आक्षेप येतो, की फेरीतली मुलं चालण्याला सरावलेली असतात, फ्लॅटमधली नसतात. फरक खरा आहे, पण तो सवयीचा आहे आणि सवय लावता येते. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी तासभर दमवणारी हालचाल सुचवते. आठवडाभर तेवढंही न हललेल्या मुलाला रविवारी एकदम अंजनेरीवर नेणं चूकच. शिवाय फेरीत मुलांना सांभाळणाऱ्या गोष्टी आपल्यालाही जमण्यासारख्या आहेत: सोबतीला बरोबरीची मुलं, ठरलेले मुक्काम, वाटेत खाणं-पिणं. दर तासाला राजगिऱ्याचा लाडू, गूळ-शेंगदाणे, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी द्यावं, तेही मुलाने मागायच्या आधी. वाढत्या हाडांची काळजी असेल तर पाठीवरचं ओझं बघावं. शाळेच्या दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको, असं राज्य सरकारने 2015 मध्येच ठरवलं. डोंगरात तर हा नियम अधिकच पाळायला हवा. 25 किलोच्या मुलाकडे अडीच किलो म्हणजे पाणी, खाऊ, स्वेटर, बस्स.

दुसरा आक्षेप धोक्याचा, आणि तो जास्त वजनदार आहे. कडे, निसरडे कातळ, धबधबे, आग्यामोहोळ हे सगळं आपल्या डोंगरांत आहेच. पण यातला बराचसा धोका जागा आणि वेळ निवडतानाच टाळता येतो. कातळकड्याजवळ अत्तर, धूर, आरडाओरडा नको. घसाऱ्यावर उतरताना मोठ्या माणसाने मुलाच्या खालच्या बाजूला राहावं. माकडांसमोर पिशवी उघडू नये. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, ‘आता इतकं आलोय तर’ हे वाक्य कोणी उच्चारू नये. माथा गाठण्याची हौस बहुधा मोठ्यांची असते आणि उशीर होतो तो याच हौसेपायी. माघारीची वेळ पायथ्याशीच मुलांना सांगून टाकली, तर ती पाळायला लावणारे पहारेकरी आयतेच मिळतात.

दिवाळीनंतरचे तीन-चार महिने यासाठी उत्तम, आणि नाशिकला चढता क्रमही हाताशी आहे. आधी पांडवलेणी: पायऱ्यांची वाट, वर 24 लेणी, अर्धा दिवस. मग आशेवाडीचा रामशेज: चढ तासाभराचा आणि मोगलांना पाच वर्षांहून जास्त झुंजवल्याची गोष्ट सोबतीला. त्यानंतर अंजनेरी. ती हसतखेळत पार पडली तर बारी गावातून 1646 मीटरचं कळसूबाई, पुरा दिवस हाताशी ठेवून. खोबण्यांत बोटं रोवून चढायच्या उभ्या कातळपायऱ्यांचा हरिहर मात्र फोटोंमुळे अनेकांच्या यादीत पहिला असतो. मुलांसाठी तो शेवटी ठेवावा. तिथे कस लागतो तो पायांच्या दमाचा नव्हे, तर घाबरलेल्या मुलाला अरुंद पायरीवर धीर देऊन खाली आणण्याचा. आणि खालून माणसांची रांग चढत असताना ते कोणालाच सोपं नाही. म्हणून हरिहरला जायचं तर सुट्टीतला आठवड्याचा मधला दिवस, कोरडी हवा आणि दर मुलामागे एक जाणता माणूस, एवढं जुळल्यावरच.