विरळ हवेतील माणूस

लडाखमधील लेह शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३५०० मीटर उंचीवर आहे. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहूनही उंच. एवढ्या उंचीवर हवेतील प्राणवायूचे प्रमाण घटते, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः मुंबईच्या हवेत प्राणवायू शेकडा एकवीस, तसाच तो लेहच्याही हवेत. घटतो तो हवेचा दाब. तो समुद्रकिनाऱ्यावरील दाबाच्या सुमारे दोनतृतीयांश उरतो, आणि त्या मानाने दर श्वासाला मिळणारा प्राणवायूही उणावतो.

१९६२ च्या चीन युद्धात हा प्रश्न केवळ पुस्तकी राहिला नाही. सपाटीवरील जवानांना विमानाने काही तासांत लडाखला पोहोचवावे लागले. धडधाकट तरुणांना डोकेदुखी, ओकाऱ्या, निद्रानाश सुरू झाला. काहींच्या फुप्फुसांत पाणी भरले. भारतीय सैन्यातील डॉक्टर इंदर सिंग व त्यांचे सहकारी यांनी पर्वतविकार जडलेल्या १९२५ जवानांचा अभ्यास करून तो १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. या विषयाच्या अभ्यासकांना आजही तो विचारात घ्यावा लागतो.

फुप्फुसांत पाणी का भरावे? फुप्फुसाच्या एखाद्या भागात प्राणवायू कमी पडला, की तेथील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्त हवेशीर भागाकडे वळते. सपाटीवर ही व्यवस्था उपकारक ठरते. उंचावर मात्र सगळीकडेच तुटवडा असतो. त्यामुळे वाहिन्या सर्वत्र आवळल्या जातात, आतील दाब वाढतो आणि रक्तातील द्रव वायुकोशांत झिरपतो. पूर्वी अशा रोग्यांवर न्यूमोनिया समजून उपचार होत. हा निराळाच विकार आहे, हे चार्ल्स ह्यूस्टन या अमेरिकन डॉक्टरांनी १९६० मध्ये वैद्यकविश्वाच्या नजरेस आणले. रोग्याला प्राणवायू देणे आणि विनाविलंब खाली उतरवणे, हाच त्यावरील मुख्य उपाय.

मग पिढ्यान्‌पिढ्या अशा उंचीवर राहणाऱ्यांचे काय? दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतातील लोकांच्या रक्तात तांबड्या पेशी अधिक असतात. परंतु ही वाढ अतोनात झाली, तर रक्त दाट होऊन माणूस आजारी पडतो. पेरूचे डॉक्टर कार्लोस मोंगे यांनी १९२० नंतरच्या दशकात या आजाराचे वर्णन केले; त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो. तिबेटी लोकांचे रक्त मात्र पुष्कळसे सपाटीवरील माणसासारखेच असते. ते दाट होऊ न देणारा जनुकीय फरक २०१० मध्ये संशोधकांना सापडला. डेनिसोव्हन या लुप्त मानवकुळाशी झालेल्या संकरातून तो आला असावा, असे २०१४ च्या संशोधनाने दाखवले. एकाच अडचणीतून निसर्गाने दोन ठिकाणी दोन वाटा काढल्या!

तिबेटी शरीराला ही जुळणी साधण्यास हजारो वर्षे लागली. पर्यटकापाशी असतात मोजके दिवस. व्यायामाने कमावलेले शरीरही येथे संरक्षण देत नाही. म्हणून ३००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची दररोज ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि तीनचार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा, असे तज्ज्ञ सांगतात. तेव्हा विमानाने लेहला जाणाऱ्या मित्रांनी आपल्या कार्यक्रमपत्रिकेतील पहिले दोन दिवस कोरेच ठेवावेत.