समकक्ष जाळ्यांची कार्यक्षमता

संगणकांच्या समकक्ष जाळ्यात (ज्यात प्रत्येक संगणक एकाच वेळी देणारा आणि घेणारा असतो) मागणारे वाढले की फाइल मिळण्यास विलंब होतो, असा समज सार्वत्रिक आहे. वस्तुतः तो एकाच केंद्रातून वाटप होणाऱ्या व्यवस्थेला लागू पडतो. जळगाव जामोदसारख्या तालुक्याच्या गावी एकच हस्तलिखित पोथी शंभर घरांना हवी असेल, तर ती अखंड घरोघर फिरवण्यापेक्षा तिची सुटी पाने वाटावीत, आणि ज्याने जे पान उतरवले त्याने ते तत्काळ शेजाऱ्यास नकलेसाठी द्यावे, हेच श्रेयस्कर; कारण अशाने प्रत्येक याचक दाताही होतो. ब्रॅम कोहेन यांच्या बिटटोरेंट या फाइलवाटप-प्रणालीचे (२००१) मर्म हेच.

परंतु दोन जाळ्यांची तुलना केवळ वेगावरून करणे न्याय्य नव्हे. फाइल कोणापाशी आहे याचा शोधही हिशेबात धरला पाहिजे. १९९९ च्या नॅप्स्टर या जाळ्याची सूची केंद्रीय दप्तरी असे, म्हणून शोध त्वरित लागे, पण न्यायालयीन आदेशामुळे २००१ मध्ये ते दप्तर बंद पडताच सारी व्यवस्था थांबली. ग्नुटेलाने (२०००) दप्तरच वगळले, तेव्हा प्रत्येक पृच्छा संगणकागणिक पसरत जाऊन जाळ्यावर निष्कारण भार पडू लागला. २००२ च्या कॅडेमलिया या रचनेत सूचीच सर्व संगणकांत विभागलेली असते, आणि त्यांची संख्या दुप्पट झाली तरी शोधाचा साधारणतः एकच टप्पा वाढतो. या साऱ्या खटाटोपातील सर्वांत सुंदर कल्पना माझ्या मते हीच. मात्र फाइल मिळताच निघून जाणारे वाढले, तर कोणतीही रचना मंदावते.