आग्या मोहोळाची राणी परत येते

मागच्या अंकात आम्ही मध काढण्याच्या पोशाखांसाठी व दोरांसाठी मदत मागितली, तेव्हा मंडळीतल्या काही वडीलधाऱ्यांनी विचारले, "पिढ्यान् पिढ्या मध काढणाऱ्या मेळघाटातल्या कोरकूंना तुम्ही काय शिकवणार?" प्रश्न रास्त आहे. झाडावर चढण्यात त्यांना कोणी काही शिकवू नये. माशीच्या स्वभावाबद्दल अभ्यासकांना जे कळले आहे, ते मात्र त्यांच्यापर्यंत पोहोचवण्यासारखे आहे.

सातेरी माशी पोकळीत राहते, म्हणून तिला पेटीत पाळता येते. आग्या माशी तशी नाही. उंच फांदीखाली किंवा कड्याला ती एकच मोठे पोळे उघड्यावर लावते. त्यावर हजारो माश्या एकमेकींना धरून जिवंत गोधडीसारख्या पसरलेल्या असतात. पोळ्याच्या वरच्या बाजूला, फांदीलगत एका टोकाशी मध साठवलेला असतो आणि त्याच्याखाली व शेजारी अंडी-अळ्या. म्हणजे मध आणि पिल्ले एकाच पोळ्यात असली तरी वेगवेगळ्या जागी. सगळी गोम इथेच आहे.

जुन्या पद्धतीत रात्री पेटता टेंभा पोळ्याला लावतात. माश्या जळतात, पोळे सगळेच खाली येते आणि मधाबरोबर अळ्याही पिळल्या जातात. असा मध लवकर आंबतो. राणीही बहुधा त्यात मरते.

राणी मेली तर काय बिघडते? आग्या माश्या फुलोऱ्यामागे स्थलांतर करतात. महिनोन् महिने झाड रिकामे असते. आसाममधल्या वसाहतींच्या डीएनएचा अभ्यास 2000 साली 'नेचर' या नियतकालिकात आला. काही वसाहती आपल्या त्याच राणीसह जुन्याच जागी परतल्याचे त्यात आढळले. कामकरी माशीचे आयुष्य राणीच्या मानाने फार थोडे, तरी वाट सापडते! गावातले म्हातारे "हे झाड माश्यांचेच" म्हणतात, ते उगीच नाही. चांदण्या रात्रीही आग्या माशी फुलांवर जाते हे त्यांनीच मला प्रथम सांगितले; अभ्यासकांनीही ते नोंदवले आहे.

तेव्हा पोळे जाळणे म्हणजे पुढच्या वर्षी त्याच फांदीवर परतू शकणारी राणी मारणे. जांभळासारख्या झाडांचे परागीभवनही या माश्या करतात, ते वेगळेच.

नव्या पद्धतीत पोशाख घालून, थोडा धूर देऊन माश्या बाजूला सारतात. मधाचा भाग तेवढा कापून स्वच्छ भांड्यात घेतात. अंडी-अळ्यांचा भाग फांदीवरच राहू देतात. पिल्ले शाबूत असली की माश्या सहसा पोळे सोडत नाहीत. रानात फुले असतील तर काही आठवड्यांत त्याच जागी पुन्हा मध भरतो. दोर भक्कम असल्याने माणसाचा जीवही टांगणीला लागत नाही. माझ्या मते पोशाखाइतकाच दोर महत्त्वाचा, कारण झाडावरून पडलेल्या माणसाचे घर कसे चालते ते आम्ही पाहिले आहे.

अडचण बाजारात आहे. दाराशी येणारा व्यापारी पिळलेल्या मधाला आणि कापून गाळलेल्या मधाला एकच भाव देतो. तो तसा देत राहिला, तर उन्हात पोशाख घालून दुप्पट वेळ झाडावर कोण थांबेल? म्हणून या हंगामात गावचा मध एकत्र साठवून तो थेट शहरात विकण्याची खटपट आम्ही करीत आहोत.