पिन-नियंत्रण

संगणकीय चिपच्या एकाच पिनेवर अनेक कार्ये सोपविलेली असताना ती पिन कोणत्या कार्यासाठी व कोणाच्या ताब्यात असावी, हे ठरविण्याच्या पद्धतीला पिन-नियंत्रण म्हणतात. धुलाई यंत्रे, मोटारगाड्या, वैद्यकीय उपकरणे इत्यादींमध्ये बसविलेल्या (अंतःस्थापित) संगणकांत या पद्धतीला विशेष महत्त्व आहे.

चिपच्या अंतर्भागात मंडलांची संख्या पुष्कळ वाढविता येते. परंतु बाहेर काढावयाच्या पिनांना आवरणावर मर्यादितच जागा असते व प्रत्येक पिनेमुळे आकार आणि खर्च वाढतो. त्यामुळे पिनांचा सामायिक वापर प्रारंभापासून करावा लागला. इंटेल कंपनीच्या ४००४ या १६ पिनांच्या सूक्ष्मप्रक्रियकात (१९७१) स्मृतीचा १२ बिटांचा पत्ता चारच तारांवरून तीन टप्प्यांत पाठविला जाई. ४० पिनांच्या ८०८५ मध्ये (१९७६) पत्त्याचे खालचे आठ बिट व माहितीचे आठ बिट त्याच आठ पिनांवरून आळीपाळीने जात. ही आळीपाळी कालस्पंदांनुसार चिपच सांभाळीत असल्यामुळे आज्ञावली लिहिणाऱ्यास तिची चिंता करावी लागत नसे.

आधुनिक चिपमधील सामायिकता मात्र निवडीची असते आणि ती निवड आज्ञावलीने करावयाची असते. ‘रास्पबेरी पाय’ या छोट्या संगणकाच्या पहिल्या आवृत्तीत (२०१२) वापरलेल्या बीसीएम २८३५ या चिपमध्ये सर्वसाधारण कामाच्या ५४ पिना आहेत. प्रत्येक पिनेसाठी तीन बिटांचा संकेत असून त्याने आदान, प्रदान किंवा कमाल सहा पर्यायी कार्यांपैकी एक निवडता येते. उदा., क्रमांक १४ ची पिन साधी प्रदान पिन म्हणून वापरता येते किंवा दोन निरनिराळ्या क्रमिक संदेशवाहक घटकांपैकी एकाला जोडता येते.

अडचणीचे मूळ असे की, चिप कोणतीही निवड नाकारीत नाही. उपकरणाचा कारभार पाहणाऱ्या आज्ञावलीस ड्रायव्हर म्हणतात. एका ड्रायव्हरने घेतलेली पिन दुसऱ्याने आपल्या कार्याकडे वळविली, तर पहिल्याचे उपकरण बंद पडते. परंतु त्याची सूचना कोणासही मिळत नाही. शिवाय वरील चिपमध्ये दहा पिनांचे संकेत एकाच ३२ बिटांच्या नोंदकात असतात. एका पिनेचा संकेत बदलताना संपूर्ण नोंदक वाचून, त्यातील तीनच बिट बदलून तो परत लिहावा लागतो. दोन ड्रायव्हरांनी हे एकाच वेळी केल्यास एकाचा बदल पुसला जातो. विद्युतीय धोका याहून गंभीर असतो. बाहेरील घटक तार उच्च दाबावर ठेवीत असताना चिपची पिन चुकून प्रदान होऊन तीच तार शून्यावर ओढू लागली, तर मर्यादेबाहेर प्रवाह वाहून दोन्ही घटक निकामी होण्याचा संभव असतो. म्हणूनच वरील चिपच्या सर्व सर्वसाधारण पिना प्रारंभी आदान स्थितीत असतात.

यावर उपाय म्हणजे पिनांचा हिशेब एकाच ठिकाणी ठेवणे. लिनक्स या परिचालन प्रणालीत लिनस वालेई यांच्या पुढाकाराने २०११ मध्ये स्वतंत्र पिन-नियंत्रण विभाग समाविष्ट झाला. त्यापूर्वी अनेक चिपकुलांसाठी हे काम वेगवेगळ्या पद्धतींनी केले जाई. या विभागात प्रत्येक पिनेचा ताबा कोणाकडे आहे याची नोंद असते. त्याच पिनेवर दुसऱ्या उपकरणाने कार्य-निवडीसाठी हक्क सांगितल्यास त्याला नकार मिळतो व दोष तत्काळ उघड होतो. कोणत्या उपकरणास कोणत्या पिना हव्यात हे ड्रायव्हरमध्ये न लिहिता मंडलफलकाच्या वर्णनात नोंदविता येते. त्यामुळे तोच ड्रायव्हर निरनिराळ्या फलकांवर चालतो. २०१३ पासून ड्रायव्हर सुरू होण्यापूर्वीच त्याच्या पिना नेहमीच्या स्थितीत आणण्याचे काम प्रणाली स्वतः करते. उपकरण निद्रिस्त असताना वीज वाचविण्यासाठी पिनांची वेगळी स्थितीही सांगता येते.

या व्यवस्थेलाही मर्यादा आहेत. नोंदकात परस्पर लिहिणारा ड्रायव्हर हिशेबाबाहेर राहतो. तसेच पिनेला बाहेरून प्रत्यक्षात काय जोडले आहे हे प्रणालीस कळत नाही; तिला केवळ लिखित वर्णन ठाऊक असते. वर्णन चुकीचे असल्यास पिनेचा हक्क रीतसर मिळूनही हानी होऊ शकते. म्हणून फलकाचा आराखडा व त्याचे वर्णन परस्परांशी ताडून पाहणे हा ड्रायव्हर-निर्मितीचा आवश्यक भाग आहे.