पहिल्या पेगच्या आधी आणि नंतरचे ७२ तास

हॉस्टेलच्या पार्टीनंतर असुरक्षित संबंध आल्याचे कळते, तेव्हा मुलंमुली आधी स्वतःला दोष देतात आणि मग गप्प बसतात. या गप्प बसण्यानेच जास्त नुकसान होते. म्हणून हे सगळे कसे घडते, ते क्रमाने पाहू.

दारू रक्तातून काही मिनिटांत मेंदूत पोचते. कपाळामागचा, परिणामांचा विचार करणारा भाग मंदावतो. इच्छा जागीच असते, तिला आवर घालणारा विचार मागे पडतो. क्लॉड स्टील आणि रॉबर्ट जोसेफ्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये मांडले, की नशेत समोरचे तेवढे ठळक दिसते आणि पुढचे धूसर होते. खिशातला कंडोम खिशातच राहतो, तो असा.

व्हिस्की-रमच्या ३० मिलिलिटर पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल असते. ते निचरायला यकृताला तासभर तरी लागतो. कॉफीने किंवा गार आंघोळीने हा वेग वाढत नाही. भराभर प्यायल्यास मेंदू आठवणी साठवणेच थांबवतो. माणूस बोलतो, चालतो, सकाळी मात्र त्याला काही आठवत नाही. अशा अवस्थेतल्या ‘हो’ला संमती म्हणता येत नाही. नशेमुळे स्त्रीला संमतीचा अर्थ आणि परिणाम कळत नसतील, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ नुसार तो संबंध बलात्कार ठरतो.

म्हणून कंडोम, परतीची सोय आणि सोबत न पिणारा एक मित्र किंवा मैत्रीण, हे पहिल्या पेगच्या आधीच ठरवावे.

तरीही चूक झाली, तर वेळ हातात असतो. एचआयव्हीचा धोका वाटल्यास ताबडतोब, उशिरात उशिरा ७२ तासांत, सरकारी रुग्णालयात डॉक्टरांना भेटावे. त्यांनी सुचवल्यास प्रतिबंधक गोळ्या २८ दिवस घ्याव्या लागतात. गर्भधारणा टाळण्याची आपत्कालीन गोळीही ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी परिणामकारक. तिने लैंगिक आजार मात्र टळत नाहीत. एचआयव्हीची लागण तपासणीत लगेच दिसत नाही, म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हा तपासणी पुन्हा करावी. सरकारी आयसीटीसी (एकात्मिक समुपदेशन आणि तपासणी) केंद्रात तपासणी आणि समुपदेशन मोफत मिळते, नाव गुप्त राहते. एचआयव्हीबाबत माहितीसाठी १०९७ आणि व्यसनाबाबत मदतीसाठी १४४४६ हे क्रमांक आहेत.

मित्र सांगायला आला, तर ‘एवढी कशाला प्यायलास?’ हा प्रश्न नंतर विचारा. आधी त्याच्याबरोबर दवाखान्यात जा.