संगणकाची नाडीपरीक्षा

जळगावकडच्या केळीबागेत विहिरीवरचा पंप चालेना, तर जाणता शेतकरी लगेच मोटर उघडत नाही. वीज आहे का, फ्यूज शाबूत आहे का, स्टार्टर ठीक आहे का, हे तो क्रमाने पाहतो. लिनक्स संगणकालाही हीच रीत लागू पडते.

लिनक्समध्ये छपाईसारखी कामे पडद्याआडच्या 'सेवा' करतात. २०१० साली अवतरलेली 'सिस्टिमडी' ही आज बहुतेक लिनक्स संगणकांवर त्यांची मुकादम आहे. समजा, धुळ्याच्या एखाद्या शाळेत छपाई थांबली. 'सिस्टिमसीटीएल'ला 'फेल्ड' जोडून आज्ञा द्या (अर्थात रोमन लिपीत); कोलमडलेल्या सेवांची यादी मिळेल. मग त्या सेवेचे 'स्टेटस' विचारा. तेथे निकालाचा अंक दिसतो : ० म्हणजे काम सुरळीत, २०३ म्हणजे सेवेचा प्रोग्रॅम सुरूच करता आला नाही. शेवटी 'जर्नलसीटीएल'ने संगणकाची रोजनिशी वाचा. तीत पहिली चूक शोधा. पुढच्या चुका बहुधा तिच्यातूनच उपजलेल्या असतात.

संगणक बंद-चालू करण्याची घाई मात्र नको! काही संगणकांत रोजनिशी तात्पुरत्या स्मृतीत असते. तो बंद होताच पुरावा पुसला जातो. या तिन्ही आज्ञा केवळ माहिती सांगतात, काही बदलत नाहीत. तेव्हा शिक्षकांना विचारून जरूर करून पाहा.