फोटो शंभर, बसले किती?

वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेचा २०२५ चा निकाल १४ जूनला लागला. त्यानंतर लातूरचा ट्युशन एरिया आणि नांदेडचं भाग्यनगर, श्यामनगर इथं क्लासच्या फ्लेक्सवाचून विजेचा खांब मोकळा सापडणं मुश्कील झालं. पासपोर्ट आकाराची लेकरं, खाली गुण, वर ‘अभिनंदन’ आणि मधोमध सर, लेकरांच्या चौपट आकारात. ‘लातूर पॅटर्न’ हे दोन शब्द ज्या शहरानं राज्यभर पोचवले, त्या शहराला जाहिरात लिहिता येत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

पॅटर्नचं नाव झालं ते राजर्षी शाहू, दयानंद अशा महाविद्यालयांची मुलं बोर्डाच्या गुणवत्ता यादीत झळकू लागली म्हणून. यादी बोर्डाची, त्यामुळे शंकेला जागा नव्हती. पुढे बोर्डानं ती यादीच बंद केली आणि ज्यानं त्यानं आपापली यादी फ्लेक्सवर छापायला घेतली. एकच मुलगी दोन क्लासच्या फ्लेक्सवर हसताना दिसते ती तेव्हापासून.

२०२५ मध्ये तर या क्लासवाल्यांची पंचाईतच झाली. २०२४ मध्ये ७२० पैकी ७२० मिळवणारे आधी ६७ होते, सुधारित निकालात १७ उरले. २०२५ चा पेपर इतका अवघड की देशात पहिल्या आलेल्याला ६८६ आणि साडेसहाशेच्या वर सगळे मिळून ७३ जण. म्हणजे २०२४ मध्ये ‘६५०+’ छापून ज्यांनी बॅचा भरल्या, त्यांना २०२५ मध्ये तो आकडा बहुधा छापताच आला नसेल. गुण वर्षागणिक फुगतात-आटतात, खरी किंमत रँकची. ‘यंदाचे ५५० गेल्या वर्षीच्या ५५० पेक्षा भारी, रँक पाहा’ एवढी एक ओळ कुणी लिहिली असती, तर ती शंभर फोटोंना पुरून उरली असती. माझ्या तरी पाहण्यात आली नाही.

आता नेहमीचा मजकूर घ्या. ‘यशाची उज्ज्वल परंपरा! तज्ज्ञ प्राध्यापकवृंद! वैयक्तिक लक्ष! मर्यादित जागा!’ मुखेडहून येष्टीनं आलेल्या बापाला यातलं काय कळावं? त्याला फीस किती, हप्ते किती, लेकरू मधेच घरी परतलं तर पैशाचं काय, एवढं विचारायचं असतं. त्याच्यासाठी असं लिहिता येईल: ‘रिपीटर बॅच, ६० मुलं. शंका विचारायला रोज संध्याकाळी ६ ते ८, शिकवणारे सर स्वतः बसतात. फीस तीन हप्त्यांत. मधेच सोडल्यास उरलेल्या दिवसांची फीस परत. गेल्या वर्षी या बॅचचे ५८ बसले, २१ जणांना सरकारी एमबीबीएस.’ आकडे माझ्या मनचे आहेत. क्लासवाल्यांनी आपले घालावेत. आणि फीस परत देणं हा काही उपकार नव्हे, केंद्र सरकारच्या कोचिंगसाठीच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांतच ते आहे.

‘समोरचा शंभर फोटो लावतो, मी २१ लिहिले तर गिऱ्हाईक तिकडंच जाईल,’ ही क्लासवाल्यांची अडचण खोटी नाही. म्हणून तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला १३ नोव्हेंबर २०२४ रोजी खास कोचिंगच्या जाहिरातींसाठी नियम काढावे लागले. तोवर त्यांनी देशभरात १८ संस्थांना मिळून ५४ लाख ६० हजारांचा दंड ठोकला होता. नियम असे: निवड झाल्यानंतर मुलाची लेखी संमती घेतल्याशिवाय फोटो नाही. फोटोसोबत रँक, कोर्सचं नाव, मुदत आणि पैसे भरले होते की फुकट होता, हेही द्यायचं. मला आवडलेला नियम अक्षरांचा: दावा ज्या आकारात, खुलासाही त्याच आकारात. फुलीएवढी चांदणी आणि तळाशी मुंगीच्या पावलांची ओळ हा खेळ त्यानं संपायला हवा.

पन्नासपेक्षा जास्त मुलं असलेल्या क्लासलाच हे लागू आहे. गल्लीतले छोटे क्लास सुटले. तिथं पालकांनीच फोटोवर बोट ठेवून विचारावं: हे लेकरू तुमच्याकडं दोन वर्षं होतं, की शेवटच्या महिन्यात नुसती टेस्ट सिरीज द्यायला आलं होतं?